कागदावर तीनशे, घाटात दीडशे

धारा काढून, चूल आवरून ऐकायला बसला असाल. आज विषय घेतलाय विजेवरच्या चारचाकी गाडीचा. "ताई, आमचा काय संबंध?" असं लगेच म्हणू नका. आमच्या कराड भागातल्या गटांकडे कर्जाच्या मागण्या येतात, त्यात शेळ्या, शिलाई मशीन, शेवयांचं यंत्र हे नेहमीचं. आता त्यांच्या जोडीला विजेवरची स्कूटर, मालाची तीनचाकी अशा मागण्याही यायला लागल्यात. आणि गेल्या उन्हाळ्यात एका मैत्रिणीने चक्क चारचाकीसाठी अर्ज केला.

तिचं गाव कराड-पाटण रस्त्यावर, कराडपासून पंधरा किलोमीटरवर. नवरा कारखान्यात हंगामी कामाला. ही बारावी झालेली, लायसन आधीपासून हातात. तिचा विचार असा, की गाडी स्वतः चालवायची. सकाळी कॉलेजच्या मुली कराडला सोडायच्या, दुपारी बाजाराच्या आणि दवाखान्याच्या बायका न्यायच्या, अधूनमधून चिपळूणचं लांबचं भाडं घ्यायचं. बाकीचं कर्ज बँक देणार होती, पण स्वतःचा हिस्सा भरायला तिला ग्रामसंघाकडून सव्वा लाख रुपये हवे होते. सव्वा लाख म्हणजे शंभर-दोनशे करत बायकांनी साठवलेला पैसा. तो कुणा एकीचा नसतो, म्हणून त्याचा हिशोब सगळ्यांनी बसून करायचा असतो.

अर्जासोबत तिने गाडीचा छापील कागद जोडला होता. बॅटरी २४ युनिटची, एका चार्जिंगमध्ये ३१५ किलोमीटर. विकणाऱ्याने तिला तोंडी सांगितलं होतं, "वहिनी, चिपळूणला जाऊन या, तरी दीडशे किलोमीटरचं चार्जिंग शिल्लक राहील." तिच्या गावापासून चिपळूण ऐंशी किलोमीटर. जाऊन येऊन एकशे साठ. वजाबाकी बरोबर होती. पण बैठकीतल्या एका काकींनी कागद हातात धरून विचारलं, "ह्ये तीनशे पंधरा कुणी मोजलं? कुठल्या रस्त्यावर?"

मला विचाराल तर त्या दिवशीच्या बैठकीतला सगळ्यात मोलाचा प्रश्न तोच होता.

बाजारात गाय घेताना आपण काय करतो? विकणारा म्हणतो वीस लिटरची आहे. आपण मान हलवतो आणि मनात चौदा धरतो. एक वेळची धार चुकवून कास तटतटलेली दाखवलीय, आठ दिवस हात सैल सोडून सरकी-पेंड घातलीय, हे आपल्याला ठाऊक असतं. ती आपल्या दावणीला आली, आपला चारा खाल्ला, की मग जे देईल ते खरं. गाडीचंही तसंच धरा. फरक एवढाच, की गाडीच्या कागदावरचा आकडा लबाडीचा नसतो. तो मोजलेलाच असतो, पण आपल्या रस्त्यावर मोजलेला नसतो.

मोजतात कुठे? एक मोठी संस्था आपल्या पुण्यातच आहे, वेताळ टेकडीवर. तिला 'एआरएआय' म्हणतात, १९६६ सालापासूनची आहे. तिथे चाचणीसाठी गाडी रोलरवर उभी करतात. चाकं फिरतात, गाडी जागची हलत नाही. मग ठरलेल्या पद्धतीने वेग वाढवायचा, कमी करायचा, थांबायचं, पुन्हा निघायचं. या पद्धतीतला मोठा भाग शहरातल्या गर्दीसारखा, ५० च्या आतल्या वेगाचा. पुढच्या भागातसुद्धा वेग ९० च्या वर जात नाही, आणि ९० असतो तोही थोडाच वेळ. चढ नाही, खड्डा नाही, एसी बंद, गाडीत माणसं भरलेली नाहीत. सगळ्या कंपन्यांच्या गाड्यांना एकच माप लावायचं तर असंच काहीतरी ठरवावं लागतं. सगळ्यांचं धान्य एकाच पायलीने मोजल्यासारखं. दोन गाड्यांत कोणती सरस हे त्यावरून कळतं. आपल्याला घाटातून परत घरी येता येईल का, हे मात्र त्यावरून कळत नाही.

कंपन्यांनाही हे माहीत आहे. टाटा कंपनीने अलीकडे आपल्या गाड्यांना दोन आकडे द्यायला सुरुवात केली. एक चाचणीतला, आणि दुसरा शंभरातल्या पंचाहत्तर गिऱ्हाइकांना रस्त्यावर मिळतो तो. त्यांच्या ४५ युनिट बॅटरीच्या नेक्सॉनचा चाचणीतला आकडा ४८९ आहे, आणि रस्त्यावरचा साडेतीनशेच्या थोडा पुढचा. म्हणजे शंभराला साधारण सत्तर. माझी आजी असती तर म्हणाली असती, रुपयातले अकरा आणे. विजेच्या गाडीचा कागद हातात आला की पहिल्यांदा हे अकरा आणे करून बघा. आपल्या मैत्रिणीच्या कागदावरच्या ३१५ चे अकरा आणे म्हणजे झाले दोनशे सोळा-सतरा.

आता युनिटविषयी. कागदावर 'किलोवॅट-अवर' असा अवघड शब्द असतो. त्याला घाबरायचं कारण नाही. किलोवॅट-अवर म्हणजे तुमच्या लाईट बिलावरचं युनिट, तेच ते. २४ किलोवॅट-अवरची बॅटरी म्हणजे २४ युनिट मावणारी टाकी. पेट्रोलच्या गाडीला आपण विचारतो, ॲव्हरेज किती देते? विजेच्या गाडीला विचारायचं, शंभर किलोमीटरला किती युनिट खाते? बारा खात असेल तर २४ युनिटांत दोनशे किलोमीटर. पंधरा खात असेल तर एकशे साठ. बस, एवढंच गणित आहे. बॅटरी तीच, पण खाणं बदलतं. गॅसची टाकी नाही का, सगळ्यांच्या घरी १४.२ किलोचीच येते, पण कुणाकडे महिन्याच्या आत संपते आणि कुणाकडे दीड महिना पुरते.

ग्रामसंघाने ठरवलं की अर्ज बाजूला ठेवायचा नाही आणि डोळे झाकून मंजूरही करायचा नाही. आधी मोजायचं. आमच्या एका गटाच्या सचिव ताई कराडला राहतात. त्यांचे मालक शिक्षक आहेत आणि त्यांच्याकडे त्याच बॅटरीची गाडी दोन वर्षं आहे. त्यांनी सुट्टीत आठ दिवस गाडी दिली. चालवायला आपली मैत्रीण, आणि शेजारच्या सीटवर वही घेऊन कधी मी, कधी गटातलं कुणी. गाडीत समोर बॅटरीचे टक्के दिसतात. निघताना किती, पोचल्यावर किती, एवढंच लिहायचं. एक टक्का म्हणजे पाव युनिटाला थोडं कमी.

पहिली फेरी गावातून कराडच्या बाजाराला आणि परत. तीस किलोमीटर. सकाळची वेळ, एसी बंद, आम्ही तिघी, वेग चाळीस-पन्नास. बारा टक्के गेले. या चालीने गेलं तर भरलेली बॅटरी अडीचशे किलोमीटर जाईल. मैत्रिणीचा चेहरा खुलला. काकी म्हणाल्या, "थांब जरा, हायवेला लागू दे."

दुसऱ्या दिवशी कोल्हापूर. अंबाबाईचं दर्शनही झालं, खोटं कशाला बोलू. कराडपासून पंचाहत्तर किलोमीटर, घाट नाही. जाताना चौघी, एसी चालू, आणि मोकळा रस्ता मिळेल तिथे वेग पंचाण्णव-शंभर. सत्तेचाळीस टक्के खर्च झाले. हिशोब केला तर शंभर किलोमीटरला पंधरा युनिट. म्हणजे भरलेली बॅटरी एकशे साठ किलोमीटरवर संपली असती. येताना आम्ही ठरवून सत्तरच्या वर जायचं नाही असं केलं. तीच गाडी, त्याच चौघी, एसी तसाच चालू. चौतीस टक्क्यांत कराड गाठलं. शंभरला अकरा युनिटसुद्धा पुरी लागली नाहीत. घरी पोचायला वीस मिनिटं उशीर झाला, तेवढाच.

असं का होतं? वाऱ्यामुळे. सायकल जोरात मारली की समोरचा वारा छातीवर कसा येतो, आठवा. वेग ७० वरून १०० वर नेला की हा वाऱ्याचा अडथळा दीडपट नाही, दुप्पट होतो. पेट्रोलच्या गाडीतही हे होतं, पण तिथे इंजिन एरवीच इतकं इंधन उष्णतेत घालवतं, की वाऱ्याचा फरक आपल्या लक्षात येत नाही. विजेची मोटर काटकसरी असते. काटकसरीच्या घरात पाहुणे आले की महिन्याचा हिशोब लगेच हलतो, तसं हे आहे.

आणि म्हणूनच एक उलटी गंमत होते. कोल्हापूर नाक्याची वाहतूक कोंडी कराडकरणींना सांगायला नको. पेट्रोलची गाडी तिथे उभ्या उभ्या पितच राहते. या गाडीने चाळीस मिनिटांत जेमतेम तीन टक्के घालवले, तेही एसीने. मोटर उभी असली की काही खात नाही. एसी तासाला साधारण एक युनिट घेतो, कडक उन्हात तापलेली गाडी पहिल्यांदा गार करताना थोडं जास्त. मोबाईलवर नॉर्वेच्या बर्फात विजेच्या गाड्या कशा लवकर संपतात त्याचे व्हिडिओ फिरतात. ते खरं आहे. तिथे हिवाळ्यात मोजणी केली तेव्हा सरासरी पाचवा हिस्सा अंतर कमी भरलं. पण आपल्याकडे थंडी एवढी कुठे असते? आपला वैरी बर्फ नाही. आपले वैरी हायवेवरचा वेग आणि घाट.

घाटाचं जरा सावकाश सांगते, कारण सव्वा लाखाचा निकाल तिथे लागला.

तिसरी मोठी फेरी चिपळूणची. तिचं गाव समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर, चिपळूण जवळजवळ समुद्राच्या पातळीला. पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाटाच्या माथ्यावर आलो तेव्हा बॅटरी शंभरवरून चौऱ्याहत्तर झाली होती. मग उतार सुरू झाला. मैत्रिणीने पाय उचलून धरला, क्वचितच ब्रेक लावला. पायथ्याशी आलो आणि मागे बसलेली एक मुलगी ओरडली, "ताई, सत्त्याहत्तर झाले!" घाटाने तीन टक्के परत दिले होते. चिपळूणला पोचलो तेव्हा अडुसष्ट शिल्लक. ऐंशी किलोमीटरला फक्त बत्तीस टक्के. याच हिशोबाने धरलं तर भरलेली बॅटरी अडीचशे किलोमीटर जायला हवी.

उतारावर वीज परत कशी येते, हे आपल्या भागातल्या बाईला समजावणं सोपं आहे. त्याच घाटाच्या पायथ्याला पोफळी आहे. वर शिवसागर जलाशयात अडवलेलं कोयनेचं पाणी बोगद्यातून खाली सोडतात, ते जनित्रं फिरवतं आणि पुढे वाशिष्ठीला जाऊन मिळतं. त्या उतारावर आपला १९६० मेगावॅटचा कोयना प्रकल्प उभा आहे. गाडी तेच करते, अगदी छोट्या प्रमाणात. घाट उतरताना चाकं मोटरला फिरवतात, मोटर जनित्रासारखी चालते आणि वीज बॅटरीत जाते. पण जेवढं चढताना खर्च केलं तेवढं सगळं परत मिळत नाही. थोडं वाटेत सांडतंच. आणि जोरात ब्रेक दाबत उतरलात तर बरंचसं ब्रेकच्या उष्णतेत जातं. उतारावर पाय हलका ठेवायचा तो एवढ्यासाठी.

आता परतीचं ऐका. संध्याकाळी सहाला निघालो, पाऊस नव्हता पण दमट हवा, एसी चालू. पायथ्याशी एकोणसाठ टक्के होते. माथ्यावर आलो तेव्हा एक्केचाळीस. एकट्या घाटाने अठरा टक्के घेतले. गाडी आणि चार माणसं मिळून दीड टन वजन होतं. ते चिपळूणहून घाटमाथ्यापर्यंत सहाशे मीटरच्या आसपास वर न्यायला, रस्त्यावर पळण्याचा खर्च सोडून, नुसत्या चढण्याला तीन युनिट लागतात. गावात पोचलो तेव्हा पंधरा टक्के उरले होते. येताना त्रेपन्न टक्के लागले होते. या हिशोबाने बॅटरी दीडशे किलोमीटरची. एकाच दिवशी, एकाच रस्त्याला, जाताना अडीचशेची गाडी आणि येताना दीडशेची. विकणारा जे दीडशे किलोमीटर शिल्लक राहतील म्हणाला होता, त्याच्या जागी पंधरा टक्के उरले.

कुणी म्हणेल, पोचलात ना घरी? पोचलो. पण पंधरा टक्के म्हणजे तीस किलोमीटरही धड नाही. पावसाळ्यात कुंभार्लीत दरड येते, रस्ता बंद होतो, मागे फिरावं लागतं. गाडीत कुणाची बाळंतीण असेल, म्हातारं माणूस असेल. दिवसभर भरपूर भाडं करून रात्री पाटणजवळ अंधारात उभं राहायचं, यात कमाई ती कसली? म्हणून आम्ही वहीत एक नियम लिहिला. अकरा आणे काढल्यावर जे येतं, त्यातला पाचवा हिस्सा घरी ठेवायचा, वापरायचाच नाही. दोनशे सोळातले उरले एकशे सत्तर. दिवसाचा धंदा एकशे सत्तरमध्ये बसला पाहिजे.

मध्ये एक गोष्ट राहिली. सामानाची. आपण प्रदर्शनाला जाताना गाडीच्या टपावर कॅरिअर लावून पापडाचे डबे, गुळाच्या ढेपा बांधतो. सपाट रस्त्याला वजनाने फारसं बिघडत नाही, पण टपावरचा बोजा वारा अडवतो. सामान शक्यतो आत ठेवा. आणि चाकात हवा कमी असेल तर विजेची गाडीसुद्धा ओढत चालते. हवा भरायला पैसे लागतात ते किती?

आता लाईट बिल. हा मुद्दा अर्जात कुणी लिहीत नाही. मैत्रिणीचं रोजचं काम म्हणजे गाव ते कराड चार फेऱ्या, एकशे वीस किलोमीटर. माणसं भरलेली, दुपारी एसी. आम्ही शंभरला साडेअकरा युनिट धरले. झाले रोजचे जवळजवळ चौदा. पण भिंतीतून बॅटरीत जाताना थोडी वीज वाटेत जाते, त्यामुळे मीटरवर साडेपंधरा पडतात. महिन्याला सव्वीस दिवस म्हटलं तर चारशे युनिट. घरचं आधीचं बिल नव्वद युनिटचं. म्हणजे ती एकदम तीनशेच्या पुढच्या टप्प्यात जाते आणि तिथला दर चढा असतो. आम्ही हिशोबासाठी या जादा युनिटांना सरासरी पंधरा रुपये धरले. महिन्याला सहा हजार, किलोमीटरला दोन रुपयांच्या आत. पेट्रोलची तेवढीच गाडी लिटरला अठरा देते असं धरून, लिटर एकशे पाच रुपयांचं धरलं, तर पावणेसहा रुपये पडतात. महिन्याला फरक बारा हजारांचा. हा फरक खरा आहे आणि हप्ता याच फरकातून जायचा आहे.

पण कागदावरचे ३१५ खरे मानले असते तर? मग शंभर किलोमीटरला फक्त साडेसात-पावणेआठ युनिट लागतात असं निघतं, आणि महिन्याचं वीजबिल एक तृतीयांशाने कमी दिसतं. हायवेवरच्या जलद चार्जरचा दर तर घरच्यापेक्षा बहुतेक वेळा जास्तच असतो. तो रोज वापरावा लागला तर बारा हजारांतले बरेच तिथेच जातात. अंतराचा आकडा फुगला की बिलाचा आकडा आपोआप आकसतो, हे हिशोबाला बसताना ध्यानात ठेवा.

घरी चार्जिंग करायचं तर आणखी दोन गोष्टी बघाव्या लागतात. एक, मंजूर भार. खेड्यातल्या कित्येक घरांचा मंजूर भार एक किलोवॅटच्या आसपास असतो, आणि ही गाडी अडीच-तीन किलोवॅट ओढते. वीज कार्यालयात अर्ज देऊन तो वाढवून घ्यायचा, आणि भाड्याची गाडी घरच्या मीटरवर लावता येते का, कोणता दर पडेल, हे त्याच वेळी विचारून घ्यायचं. दुसरं, अर्थिंग. अर्थिंग धड नसेल तर गाडी चार्जिंग घेतच नाही, आणि घेतली तर ते धोक्याचं. मोठ्या पिनचा वेगळा पॉइंट, जाड वायर, जमिनीत नीट पुरलेली अर्थिंगची सळई, हा खर्च गाडीच्या किमतीत धरलेला नसतो. बॅटरी पंधरावरून शंभरवर न्यायला घरच्या पॉइंटवर साडेआठ-नऊ तास जातात. रात्री लाईट चार तास गेली तर सकाळच्या कॉलेजच्या फेऱ्या होतील, दुपारच्या होतीलच असं नाही. गाडी रोज रात्री लावायची, 'उद्या बघू' चालत नाही. जनावराच्या वैरणीसारखंच ते.

बॅटरीचं वय हाही प्रश्न आला. या वर्गातल्या गाड्यांना बॅटरीची हमी बहुधा आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर अशी असते, जे आधी होईल ते. महिन्याला तीन हजार किलोमीटर चालवलं तर साडेचार वर्षांतच एक लाख साठ हजार होतात. आणि भाड्याने चालवायच्या गाडीला हमीच्या अटी वेगळ्या असू शकतात. हे कागदावर बारीक अक्षरात असतं. मैत्रिणीने ते विकणाऱ्याकडून लिहून घेतलं. नंबर पाटीही बघून घ्या. विजेच्या गाडीची पाटी हिरवी असते. घरगुती गाडीला तिच्यावर पांढरी अक्षरं, भाड्याच्या गाडीला पिवळी. जुनी गाडी घेताना पिवळी अक्षरं दिसली की ती किती पळालीय ते जास्त खोलात विचारायचं. बॅटरी जुनी झाली की टाकीच लहान होत जाते, म्हणून जुन्या गाडीला अकरा आण्यांच्याही खाली उतरा.

काहीजणींनी पिंक ई-रिक्षाबद्दल विचारलं होतं. ती राज्य सरकारची योजना ठरावीक शहरांपुरती आहे, आपल्या जवळचं शहर कोल्हापूर. त्यात वीस टक्के सरकार देतं, दहा टक्के आपण भरायचे, सत्तर टक्के बँकेचं कर्ज. गणित मात्र हेच: बॅटरी किती युनिटची, शंभर किलोमीटरला किती खाते, आणि त्यातलं घरी किती ठेवायचं. आणि हे फार नवं आहे असंही समजू नका. आपल्याच जिल्ह्यात फलटणच्या निंबकर संस्थेत अनिल राजवंशी यांनी विजेवरच्या रिक्षावर नव्वदच्या दशकातच काम सुरू केलं होतं. 'इलेक्शा' असं तिचं नाव. तेव्हा बॅटऱ्या शिशाच्या, जड.

तर मैत्रिणीच्या अर्जाचं काय झालं? आठ दिवसांची वही बैठकीत वाचून दाखवली. गाव-कराडच्या चार फेऱ्यांना, अगदी एसी लावून आणि गाडी भरूनसुद्धा, साठ टक्क्यांच्या आत काम होतं. म्हणजे तिच्या रोजच्या धंद्याला ही छोटी बॅटरी पुरून उरते. तिच्या दिराने मोठ्या बॅटरीची गाडी घे म्हणून धोशा लावला होता. त्यासाठी आणखी काही लाख कर्ज काढावं लागलं असतं, आणि कशासाठी, तर वर्षातून पाच-सात वेळा चिपळूणला जाण्यासाठी. बैठकीने तो विचार तिथेच मोडला. माझंही मत तेच पडलं. जे अंतर रोज जायचं त्यासाठी गाडी घ्यावी. क्वचितच्या अंतरासाठी वाटेत थांबावं.

सव्वा लाख मंजूर झाले. तिने तीन वर्षांत फेडते म्हणून लिहिलं होतं, ग्रामसंघाने पन्नास हप्ते करून दिले, महिन्याला अडीच हजार मुद्दल. तिच्या हिशोबातून चिपळूणच्या भाड्याची कमाई पूर्ण काढून टाकली होती आणि तरीही हप्ता बसत होता, म्हणूनच हात वर झाले. एका वहिनींनी शेवटपर्यंत हात वर केला नाही. त्यांचं म्हणणं, गाडी विजेची असो की पेट्रोलची, आजारी पडली की बाई घरी बसते आणि हप्ता बसत नाही. तेही खोटं नव्हतं. म्हणून गावातल्या दुसऱ्या एका मुलीला लायसन काढायला लावायचं ठरलं. तिचं शिकाऊ लायसन आता आलंय.

चिपळूणचं भाडं ती घेते, पण दर सांगताना चार्जरचे पैसे आणि तासभर थांबणं त्यात धरून सांगते. तेवढा वेळ थांबायला तयार नसलेल्या गिऱ्हाइकाला ती सरळ एसटीचा रस्ता दाखवते. अर्ध्या तिकिटात जाता येतं आता आपल्याला.

वहीच्या पानांच्या झेरॉक्स काढून ठेवल्यात. ज्या गटांना हव्या असतील त्यांनी प्रभागसंघाच्या बैठकीत मागून घ्याव्यात. आणि तुमच्या भागात कुणाकडे अशी गाडी असेल तर तुमच्या रस्त्याचे आकडे आम्हाला कळवा. पाचगणीचा घाट आम्ही अजून मोजलेला नाही.